काळ्या कातळाचे फोटो : वेरूळ, अजिंठा, लोणार

गुरुवार : पुणे ते छत्रपती संभाजीनगर

वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. हौसेखातर फोटो काढणारा माणूस त्या कागदपत्रांच्या भानगडीत पडत नाही. म्हणून ट्रायपॉड डिकीत गेला तो फक्त लोणारसाठी. खांद्यावरच्या पिशवीत एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा तुकडा) मिररलेस कॅमेरा, ३५ मिलिमीटरची, कमी उजेडातही चालणारी एफ १.८ लेन्स, १६-५० ची किट लेन्स आणि पक्ष्यांसाठी ५५-२१० ची झूम. जोडीला जास्तीच्या बॅटऱ्या, कार्डं आणि लेन्स पुसायचं फडकं.

ताईकडे फक्त फोन. पण फोन चांगला आहे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर १/१.३ इंची, म्हणजे फोनच्या मानानं बराच मोठा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळानं त्याच्या साधारण पाचपट. हे मी तिला रांजणगावच्या आसपास सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग पिशवी पण पाचपट जड आहे की रे."

दाजींकडे गाडीची किल्ली आणि गळ्यात जुनी दुर्बीण. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. नोकरीभर धरणांच्या पायाचा दगड तपासण्यात गेली, त्यामुळे रस्त्याकडेच्या कटिंगकडे बघत गाडी चालवायची सवय अजून सुटलेली नाही. अहिल्यानगर मागं टाकल्यावर त्यांनी जे सांगितलं ते पुढं रोज आठवत राहिलं. "तुम्ही तीन ठिकाणं म्हणताय खरं, पण दगड एकच. वेरूळ, अजिंठा, लोणार, सगळा बेसॉल्ट. काळा. उजेड खाणारा."

रात्री मुक्कामाच्या गावी नान-खलिया खाल्ला (ताईनं डाळ-भात). बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि झोपलो.

शुक्रवार : वेरूळ

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे आमचे वार आपोआपच ठरले होते. डोंगराची ही बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सगळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि खरा उजेड दुपारनंतर येतो. सहलीच्या बसेस मात्र सकाळीच येऊन थेट कैलासासमोर उभ्या राहतात. आम्ही उलटा क्रम धरला. आधी जैन लेणी, मग बौद्ध लेणी आणि ऊन कललं की सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास.

इंद्रसभेत, म्हणजे बत्तीस नंबरात, पहिला धडा. कॅमेऱ्याचा मीटर जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरी भिंत दाखवली तर फोटो अंधारा येतो आणि काळा कातळ दाखवला तर तो उजळून सिमेंटसारखा करून ठेवतो. म्हणून लेण्यांत शिरतानाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायचं, चाक वजा एककडे फिरवायचं. दगड काळा दिसायला लागतो आणि कोरीव कामाच्या कडांवरची चमक जागेवर राहते. ताईच्या फोनला चाक नाही. पण पडद्यावर बोट टेकवलं की शेजारी छोटा सूर्य उमटतो, तो खाली ओढला की तेच काम होतं. तीन वर्षं फोन वापरूनही तिला तो सूर्य माहीत नव्हता. त्यानंतर दिवसभर ती ज्याच्या त्याच्या फोनवर तो सूर्य शोधून दाखवत होती, नांदेडच्या एका अनोळखी कुटुंबालासुद्धा.

दहा नंबरच्या चैत्यगृहाला इथले लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. छताला दगडातच कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत आणि समोर स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध. आम्ही पोचलो तेव्हा सज्जावरच्या खिडकीतून उन्हाची पट्टी आत उतरायला लागली होती. इथं किट लेन्सच्या १६ मिलिमीटरमध्ये सगळं मावलं. फोनच्या ०.५ मध्येही, म्हणजे सगळ्यात रुंद दिसणाऱ्या भिंगातही, मावलं, पण कडेचे खांब आत झुकले. फोन सरळ उभा धरून थोडं मागं सरकलं, वर तोंड करून धरला नाही, की खांब बरेच सुधारतात. खाली फरशी जास्त येते, ती नंतर कापता येते. उंच वास्तूंच्या फोटोत निम्मी माणसं इथंच फसतात. मान वर केली की फोनही वर करतात.

कैलासाबद्दल काय नवीन लिहायचं! राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, कळसापासून पायाकडे खोदत आणलेलं देऊळ. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. फोटो काढणाऱ्याची अडचण वेगळी आहे. सुमारे ३० मीटर खोल खड्ड्यात काळं देऊळ, वर लख्ख आभाळ. आभाळाला धरून एक्स्पोजर दिलं तर देऊळ बुडतं, देवळाला धरून दिलं तर आभाळ पांढरं फटक. फोन एका दाबात कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेतो आणि त्यांची गोळाबेरीज करून देतो. त्यामुळे ताईच्या फोटोत आभाळही निळं आणि प्रत्येक हत्तीही स्पष्ट. पहिल्या नजरेला तिचे फोटो माझ्यापेक्षा चांगले दिसतात हे मान्य करायला हवं. दुसऱ्या नजरेला मात्र खटकतं. चौकात उभं राहिल्यावर छातीवर जो खोलपणाचा दाब येतो तो त्या फोटोत नाही, कारण सावलीच नाही. मी आभाळ वाचवलं, अंगणाची डावी बाजू काळी जाऊ दिली आणि तुटक्या सोंडेच्या हत्तीच्या पाठीवर पडलेलं ऊन तेवढं ठेवलं. ताईला तो फोटो 'अपुरा' वाटला. आमचा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

रावण कैलास हलवतो ते शिल्प देवळाच्या दक्षिण अंगाला आहे आणि ते कायम सावलीत असतं. वरून आभाळाचा जो उजेड झिरपतो तेवढाच. सावलीतला हा मऊ उजेड शिल्पाला फार चांगला. घाबरून शंकराला बिलगलेली पार्वती, पळत सुटलेली दासी, अंगठ्यानं डोंगर दाबून धरणारा शंकर आणि खाली अंधारात हातांचं चक्र पसरलेला रावण. ताईनं पोर्ट्रेट मोड लावला. फोननं शंकराचा चेहरा ओळखला, त्याभोवती चौकोनही काढला, आणि बाकीचं 'पार्श्वभूमी' समजून धूसर करून टाकलं. रावणाचे काही हात स्वच्छ, काही पुसलेले. एका मनगटाच्या पुढं तर पंजाच नाही. कॅमेऱ्यात धूसरपणा अंतरानुसार येतो, भिंगाच्या नियमानं. फोन तो अंदाजानं काढतो आणि दहा तोंडांच्या, वीस हातांच्या माणसाचा अंदाज त्याला कुणी शिकवलेला नाही. देव-दानवांच्या शिल्पांना पोर्ट्रेट मोड लावू नये.

पाच वाजता डोंगराच्या कडेनं वर जाणाऱ्या पायवाटेवर गेलो. वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्यावरचे चार सिंह दिसतात, खालून ते दिसायचा प्रश्नच नाही. ताईनं पॅनोरमा घेतला. अंगणातून धावणारं एक पोर त्यात दोनदा आलं, एकदा ध्वजस्तंभाजवळ आणि एकदा हत्तीजवळ. मधल्या एका बाईला मात्र पायच नाहीत. तो फोटो पुसू दिला नाही मी तिला.

शनिवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढचे चार किलोमीटर महामंडळाच्या बसनं जायचं. शनिवार, त्यात डिसेंबर, म्हणजे शाळांच्या सहली. रांगेत उभं असताना दाजींनी वाघुरा नदीच्या वळणाकडं बोट दाखवून समजावलं की नदीनं लाव्हाचे थर कापत घोड्याच्या नालेसारखा हा कडा उभा केला आणि त्याच्या पोटात ही तीसेक लेणी आहेत.

एक नंबरच्या दाराशी चपला काढायच्या, फ्लॅश बंद. फ्लॅशचं कारण सोपं आहे. मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली ही चित्रं दीड हजार वर्षं बहुतांशी अंधारामुळेच टिकली आहेत. तरी दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी ऑटो फ्लॅश उडतोच आणि मग पहारेकऱ्याचा आवाज. आत शिरण्यापूर्वी फोनमधलं ते विजेचं चिन्ह खोडून ठेवावं.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. सहलीतली मुलं तेवढ्यात फोटो काढून बाहेरही पडलेली असतात. आम्ही खांबाला टेकून थांबलो. मग हळूहळू डावीकडच्या भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागला, झुकलेली मान, खाली वळलेली नजर, हातातलं निळं कमळ. ३५ ची लेन्स एफ १.८ वर, आयएसओ ६४०० (हा आकडा वाढवला की अंधारातही दिसतं, पण फोटोत दाणे येतात), शटर १/१५ सेकंद. खांबाला खांदा टेकवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि एकामागून एक पाच-सहा फ्रेम घ्यायच्या, त्यातली एखादी तरी धारदार निघते. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, समोरून जाणाऱ्या मुलांची डोकी मात्र सावरत नाही.

ताईच्या फोननं नाइट मोड लावला आणि तीन सेकंद स्थिर राहायला सांगितलं. गर्दीत तीन सेकंद म्हणजे फार. तरीही आलेला फोटो बघून ती म्हणाली, "एवढं तर मला दिसलंच नव्हतं." खरंच होतं ते. पद्मपाणीच्या मागचे प्राणी, झाडं, कोपऱ्यातली जोडपी सगळी उजळून आली होती. नंतर तिनं तोच फोटो हातात धरून भिंतीवर एकेक आकृती शोधून काढली आणि तिला ती सापडतही गेली. फोनचा असा उपयोग मला सुचला नव्हता, आधी फोटो आणि मग त्याचा नकाशा करून बघणं. निळा रंग मात्र फोननं फार चढवला. अजिंठ्यात वापरलेला लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातून आलेला, तो मुळातच सुंदर आहे. त्याला साडीच्या दुकानातली झळाळी द्यायची गरज नव्हती.

यानंतर जे झालं त्यासाठी पुन्हा अजिंठ्याला जायला मी तयार आहे. गाभाऱ्यात बुद्धांची बसलेली मोठी मूर्ती आहे. एका गटाबरोबर आलेल्या गाइडनं लहानसा टॉर्च काढला. डावीकडून उजेड टाकला तेव्हा चेहरा गंभीर वाटला. उजवीकडून टाकला तेव्हा ओठांच्या कडेला हसू. मग खालून समोर धरला आणि चेहरा ध्यानात गेला, कुणाशीच काही देणंघेणं नसल्यासारखा. दगड तोच, टॉर्च तोच. गाइड हे रोज करत असणार, त्याचा आवाजही पाठ केलेला होता, पण मागची अख्खी सहल गप्प झाली.

मी एक्स्पोजर हातानं बांधून ठेवलं होतं, १/३० आणि आयएसओ ३२००. तिन्ही फ्रेम त्याच आकड्यांवर घेतल्या. तीन वेगवेगळे चेहरे आले, प्रत्येकाची अर्धी बाजू काळोखात. ताईनंही तीन घेतले. ओट्यावर बसून दोन्ही पडदे शेजारी धरले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या तिन्ही फोटोंत फोननं सावली भरून काढली होती. नाक, ओठ, गाल सगळं नीट दिसत होतं आणि तिन्ही बुद्ध जवळजवळ सारखेच होते. गंभीर नाही, हसरे नाहीत. "याला कुणी सांगितलं सगळं दाखव म्हणून?" असं म्हणून तिनं तो छोटा सूर्य शोधला. गाइड तोवर दोन नंबरात गेला होता. त्याच्या मागं जाऊन पुन्हा टॉर्च मारायला सांगायचं तिच्या जिवावर आलं.

माझा फोनवर राग नाही. पण काळोख ही फोटोतली उणीव आहे, ती भरून काढली पाहिजे, असं तो गृहीत धरतो आणि अजिंठ्यात अर्धं काम काळोखाचंच आहे. कॅमेराही ऑटोवर ठेवला तर हेच करणार. किती उजेड ठेवायचा हे आपण ठरवलं की दोन्ही यंत्रं चालतात.

छतांसाठी एक युक्ती सांगतो. ट्रायपॉड नसला तरी जमीन असते. फोन उताणा न ठेवता कॅमेऱ्याची बाजू वर करून पिशवीवर पालथा ठेवायचा, तीन सेकंदांचा टायमर लावायचा आणि बाजूला व्हायचं. लोकांच्या वाटेत नाही, कडेच्या खांबापाशी. कमळांतून दौडणारा तो छतावरचा हत्ती ताईला असाच मिळाला आणि तो माझ्या हातात धरून काढलेल्या फोटोपेक्षा धारदार आहे.

दहा नंबरात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. शिकारीला आलेल्या या स्मिथमुळे बाहेरच्या जगाला ही लेणी पुन्हा कळली, तेव्हा त्याचं नाव इतिहास. आपल्याकडच्या बाणवाल्या बदामांना तेवढी सवलत नाही.

मला मात्र स्मिथपेक्षा मेजर रॉबर्ट गिलचं जास्त वाटतं. १८४४ मध्ये त्याला या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं त्यानं इथं राहून मोठमोठी तैलचित्रं केली आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक सगळी जळाली. मधल्या काळात तो फोटोग्राफीकडे वळला होता. त्यानं घेतलेली लेण्यांची स्टिरिओ छायाचित्रं १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली, दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं, चष्म्यातून पाहिली की खांबांमागे खांब उभे राहायचे. त्या काळातली काचेची प्लेट जागच्या जागी ओली करून, ओली असतानाच उजेड देऊन धुवावी लागे. आणि तिला निळा रंग फार दिसायचा, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. तांबड्या गेरूनं भरलेल्या या भिंतींपुढे काचेची पेटी घेऊन उभा राहिलेला माणूस आठवला की आयएसओ ६४०० च्या दाण्यांबद्दल कुरकुर करवत नाही.

सव्वीस नंबरात महापरिनिर्वाणाची सात मीटर लांब मूर्ती आहे. समोरच्या खांबांमुळे मागं सरकायला जागा नाही. इथं फोनचं ०.५ भिंग सरळ जिंकलं. मी किट लेन्सशी थोडा वेळ झगडलो आणि मग उशीवर टेकलेला चेहरा आणि खालची रडणारी माणसं एवढंच घेतलं.

बसच्या रांगेत दाजींनी विचारलं, "झालं का?" दिवसभरातली ही कितवी वेळ होती कुणास ठाऊक.

रविवार : लोणार

जालना मार्गे लोणार. रस्ता काही ठिकाणी झकास, काही ठिकाणी दाजींच्या भाषेत 'नमुना'.

विवराच्या काठावर पहिल्यांदा उभं राहिलं की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो आणि लगेच लक्षात येतं की हे मावणार नाही. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये झालेलं हे विवर आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण बराच काळ लोक याला ज्वालामुखीचं तोंडच समजत होते. दाजी दगड उचलून बघत होते. (अभयारण्य आहे, उचललेला दगड तिथंच ठेवला.)

कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही बांधून, दर फ्रेम मागच्या फ्रेमवर एक तृतीयांश चढवत डावीकडून उजवीकडे घेतलं. घरी जोडायचं. ताईनं फोन एका लयीत फिरवला आणि वीस सेकंदांत पॅनोरमा हातात. दोन पायांवर उभं राहून कंबर फिरवायची, हात नाही, एवढं तिला वेरूळपासून जमलं होतं. यात दोनदा येणारं पोरही नव्हतं.

गोमुखाची धार, पायऱ्या उतरून खाली झाडी, माकडं, आणि पाण्याच्या कडेला तो खारट-सोड्याचा वास. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. आम्हाला दिसलं ते शेवाळी हिरवं. काठावर शेकाटे होते, लांब गुलाबी पायांचे, काळ्या पाठीचे. माझ्या झूमच्या २१० मध्येही लहानच येत होते. फोनचा दहापट झूम म्हणजे पाण्यात भिजलेलं रंगचित्र.

तेव्हा दाजी कामाला आले. दुर्बिणीच्या एका नळीला ताईचा फोन लावला. भिंग बरोबर मध्यावर आणेपर्यंत पडदा काळाच दिसतो, मग अचानक एक गोल उजळतो आणि त्यात पक्षी. दुर्बीण कठड्यावर टेकवली, ताईनं फोन धरला आणि शटर इअरफोनच्या बटणानं दाबलं, म्हणजे बोटाचा धक्का नको. गोलाकार काळी चौकट आलेला, पण पायांचं प्रतिबिंब स्वच्छ असलेला शेकाटा मिळाला. दाजींनी तिन्ही दिवसांत पहिल्यांदा "अजून एक घे" म्हटलं.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात संध्याकाळ झाली. लवणासुरावर उभा विष्णू, मंडपाच्या छतावर कथांचे पट्ट. गिलनं लोणारच्या देवळांचेही फोटो काढले आहेत. ताईनं कुणी न सांगता सूर्य खाली ओढला.

रात्री मुक्कामाच्या आवारात ट्रायपॉड अखेर डिकीतून निघाला. पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं, खाली व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून सोपा हिशेब असा, ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं, येतील तेवढे सेकंद; सेन्सर लहान असेल तर मिलिमीटर दीडपट धरायचे. माझ्या सेन्सरवर ३५ म्हणजे साधारण ५२, त्यामुळे दहा सेकंदांच्या आत राहायचं. फोकस हातानं, व्याधावर, पडद्यावर मोठं करून. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली तलवारीत जो धुरकट ठिपका असतो तो फोटोत गुलाबीसर आला. ताईनं फोन भिंतीवर विटेला टेकवून ठेवला आणि आत चहा प्यायला गेली. परत येईपर्यंत त्यात तारे होते. कमी, पण होते. इथं नाइट मोडनं अंधार पुसला म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

सोमवार : सिंदखेडराजा आणि घर

सकाळी सिंदखेडराजाला थांबलो. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. वाड्याच्या दरवाज्यावर सकाळचं तिरपं ऊन होतं. फोटो काढले ते थोडेच, दर्शन घेतलं आणि निघालो.

पुढं जेवायला थांबलो तिथं मी कार्डावरचं सगळं दुसऱ्या कार्डावर उतरवून घेतलं. ताईनं कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकले. कैलासाचे टाकले, विवराचा पॅनोरमा टाकला, शेकाटा टाकला. बुद्धांचे तीन फोटो माझ्याकडून मागून घेतले आणि "हे याचे आहेत" असं खाली लिहून टाकले. पहिला प्रतिसाद सुनेचा आला, "आई, शेवटचे तीन जरा काळे आलेत, ब्राइटनेस वाढवून देऊ का?" ताईनं टाइप केलं, "हात लावू नकोस."

दाजी शेजारी बसून दुर्बिणीला फोन जोडायचं प्लास्टिकचं अडॅप्टर कितीला मिळतं ते बघत होते. मला विचारलं, "पितळखोऱ्याला पक्षी असतात का रे? गौताळ्याच्या जंगलात आहे म्हणे. दगड तोच."